युरोपातलं कोणतं शहर आवडलं, कोणतं डोक्यात गेलं? आणि खरं कारण काय?

भटकभवानी
युरोपला जाऊन आलेल्या माणसाला 'कसं झालं?' विचारलं की पाच-सात शहरांची नावं आणि 'मस्त, एकदम स्वच्छ' एवढंच हाती लागतं. जरा खोदलं की आवाज खाली आणून सांगतात, "खरं सांगू का, पॅरिस काही आवडलं नाही बाई." एवढे पैसे घालून आवडलं नाही म्हणायचं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती!

हा धागा त्या कुजबुजीसाठी आहे. शहराचं नाव लिहा, पण कारणासकट. 'व्हाइब नव्हती' चालणार नाही. माझा अंदाज असा की आपण तिथे किती वाजता, कुठून आणि किती दमून पोचलो यावरच निम्म्याहून जास्त निकाल लागतो. पटत नसेल तर झोडपा.

माझ्यापासून सुरुवात. व्हेनिस डोक्यात गेलं होतं. हॉटेल मेस्त्रेला, म्हणजे पाण्याअलीकडे मुख्य भूमीवर, कारण स्वस्त. सकाळी दहाच्या सुमाराला गाडी सान्ता लुचिया स्टेशनात, आणि तिथून रियाल्टो पूल ते सान मार्को चौक अशी एकच रांग, तिच्यात अख्खं जग. गल्ल्या इतक्या अरुंद की पुढचा माणूस हातातल्या आइस्क्रीमचा फोटो काढायला थांबला की मागची शंभर माणसं थांबतात. वॉटरबसचं एकेरी तिकीट साडेनऊ युरो. सान मार्कोच्या पायऱ्यांवर टेकावं तर दंड. चार वाजता पाय ओढत परत.

पुढे काही वर्षांनी कामानिमित्त जाणं झालं तेव्हा मुक्काम व्हेनिसमधल्याच कास्तेल्लो भागात होता. संध्याकाळी सातनंतर ती रांग ओसरते. दोरीवर वाळणारे कपडे, चौकात चेंडू बडवणारी पोरं, आणि गाड्या मुळातच नसल्यामुळे पलीकडच्या गल्लीतून चाललेल्या माणसाच्या बुटांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आता कोणी विचारलं तर मी व्हेनिस आवडतं म्हणते, पण 'तिथेच राहणार असशील तर जा' हेही सांगते.

खवचट_पेठी
दिवसापुरतं येणाऱ्यांना आता व्हेनिसमध्ये प्रवेशशुल्क आहे ना? उत्तम कल्पना आहे. दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडला लावून बघायला हरकत नाही.

पाडोवाकर
मी व्हेनिसपासून रेल्वेने अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे हा माझा विषय. शुल्क २०२४ च्या २५ एप्रिलला सुरू झालं. त्या वर्षी गर्दीचे २९ दिवस निवडले होते, ५ युरो. २०२५ मध्ये दिवस ५४ केले आणि आयत्या वेळी बुकिंग केलं तर १० युरो. रात्री मुक्कामाला असणाऱ्याला माफ. गर्दी किती हटली म्हणाल तर इथले लोक नुसते हसतात. ५ युरो वाचवायला कोण व्हेनिस सोडणार?

भवानीताईंनी जे लिहिलंय त्याची दुसरी बाजूही बघा. रियाल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत लाल आकड्यांची पाटी आहे. मूळ बेटावर आज किती माणसं राहतात तो आकडा. १९५१ साली तिथे पावणेदोन लाख लोक होते. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. आता पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त आहेत असं तिथल्याच नागरिकांच्या एका गटाने मोजून दाखवलं. खालच्या मजल्यावरचं वाण्याचं दुकान गेलं, तिथे मुखवटे आणि काचेचे मणी आले. मग बटाटे आणायला कुठे जायचं? माणसं मेस्त्रेला राहायला गेली. म्हणजे ताई, स्वस्तात राहायला तुम्ही जिथे गेलात तिथेच व्हेनिसवालेही गेले.

मोठी जहाजं मात्र २०२१ च्या ऑगस्टपासून जुदेक्का कालव्यातून जाऊ देत नाहीत, त्याने फरक पडला. आधी चर्चच्या घुमटामागून दहा मजली बोट सरकताना दिसायची. बघवत नसे.

अर्धा_कप
मी त्या कुजबुजणाऱ्यांपैकी. पॅरिस नाही आवडलं. आवाज न उतरवता सांगते.

कारणं: मेट्रोच्या बोगद्यात लघवीचा वास. जिन्यांमागून जिने, सरकता जिना बंद. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली मनगटाला दोरा बांधून पैसे मागणारे. 'मूकबधिरांसाठी सही करा' म्हणत कागद पुढे करणाऱ्या मुली, आणि त्या कागदाखाली पर्समध्ये शिरणारा हात. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटरची, काचेमागे, आणि तिच्यापुढे मोबाइल धरलेल्या हातांचं जंगल. आम्ही चित्र पाहिलं ते पुढच्या बाईच्या मोबाइलच्या पडद्यावर.

आणि ही माझी एकटीची तक्रार नाही. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या हिरोआकी ओटा या जपानी मनोविकारतज्ज्ञाने १९८० च्या दशकात 'पॅरिस सिंड्रोम' असं नावच दिलं होतं. मनात बाळगलेलं पॅरिस आणि समोरचं पॅरिस यातल्या अंतरामुळे काही जपानी प्रवासी इतके बिथरायचे की उपचार लागायचे. आपण निदान वडापाव खाऊन वाढलोय, तब्येतीने खंबीर.

बस_नंबर_दोन
बरीच वर्षं मराठी ग्रुप घेऊन युरोपात फिरतोय. कंपनीचं नाव विचारू नका. पॅरिस का आवडत नाही हे मला बसच्या पहिल्या सीटवरून दिसतं, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट हॉटेल. चाळीस-पन्नास माणसांना एकत्र खोल्या, बस लावायला जागा आणि तेही बजेटमध्ये, हे शहरात जमत नाही. मूळ पॅरिस अवघं १०५ चौरस किलोमीटरचं. त्याच्याभोवती रिंगरोड, आणि आपली हॉटेलं त्या रिंगरोडच्याही पलीकडे. सकाळी पडदा उघडला की समोर गोदाम आणि फर्निचरचं भलंमोठं दुकान. काकू विचारतात, "हेच का पॅरिस?" काय सांगू?

दुसरी गोष्ट ड्रायव्हर. युरोपियन युनियनचा नियम आहे: साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं, दिवसाला साधारण नऊच तास स्टिअरिंग, आणि रोजची विश्रांती अकरा तासांची. थोडीफार सवलत आहे, पण मोजून. सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. 'भाऊ, जरा अॅडजस्ट करा' हे वाक्य तिथे चालत नाही. आता जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळतो दहाच्या सुमाराला. आयफेलचे दिवे अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतात. ते दाखवायचं तर बस हॉटेलवर पोचणार मध्यरात्री, मग सकाळी सातला स्वित्झर्लंडच्या दिशेने निघायचं कसं? म्हणून साडेसहाला भारतीय हॉटेलात पनीर आणि डाळ, साडेआठला लख्ख उजेडात सगळे खोलीवर. जगभर ज्याची ख्याती आहे ते रात्रीचं पॅरिस आमच्या मे-जूनच्या लोकांनी पाहिलेलंच नसतं. पुन्हा मोनालिसाचं लूव्र संग्रहालय १ मे ला बंद, मंगळवारीही बंद. ज्याचा मंगळवार पॅरिसमध्ये आला त्याचं नशीब.

आणि स्वित्झर्लंड सगळ्यांना का आवडतं? तिथे बस थेट पायथ्याशी जाते, डोंगर खिडकीतूनही तेवढाच दिसतो, आणि युंगफ्राऊवर चक्क भारतीय जेवण मिळतं. जुन्या शहरात मोठ्या बसला आत सोडतच नाहीत. चालावं लागतं, आणि आपल्याकडे सहल म्हणजे आराम. ग्रुपमधल्या माणसाने लुझर्न आणि पॅरिसची तुलना केली की मी गप्प बसतो.

चकलीचा_सोरा
वाचनखूण साठवली. ड्रायव्हरचं गणित कोणीच सांगत नाही, आम्ही उगाच टूर मॅनेजरला शिव्या घालत होतो.

सेनकाठची
अर्धा_कप, मी इथे नोकरी करते, घरभाडंही इथेच भरते, त्यामुळे पॅरिसचा बचाव करायची हौस नाही. मेट्रोच्या वासाबद्दल पूर्ण सहमत. जिन्यांबद्दलही. अख्ख्या जुन्या मेट्रोत चाकाची खुर्ची नेता येईल अशी धड लाइन म्हणजे १४ नंबरची, कारण ती त्यातल्या त्यात नवी, १९९८ ची आहे.

पण दोन गोष्टी लिहिते. इथे दुकानात, बेकरीत, बसमध्ये शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं. ते न म्हणता थेट 'टू क्रोसाँ प्लीज' म्हटलं की समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही घरात चपला घालून शिरलात. मग तो तसंच वागतो. हे इथल्या फ्रेंच पोरांनाही ऐकवतात, फक्त आपल्याला नाही. आणि हॉटेलात पाण्याची बाटली घ्यायची गरज नाही. 'कराफ दो' मागा, नळाच्या पाण्याचा जग फुकट आणून ठेवतात, कायद्याने द्यावाच लागतो.

मला हे शहर का आवडतं? लुक्झेंबुर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या आहेत. साखळीला बांधलेल्या नाहीत, तिकीट नाही. एक बसायला आणि एक पाय ठेवायला ओढून घ्यायची, ऊन सरकलं की आपणही सरकायचं. दुपारभर कोणी उठवत नाही. असं फुकट बसू देणाऱ्या जागा ज्या शहरात आहेत ते मला आवडतं. आणखी एक सांगते. गार द्यू नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भाग आहे, तमिळ लोकांचा. तिथल्या विनायकाच्या देवळाचा रथ दर वर्षी ऑगस्टअखेरीला किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला निघतो. रस्त्यावर नारळांचे ढीग रचून फोडतात, गटारातून नारळपाणी वाहतं, फ्रेंच म्हाताऱ्या गॅलरीतून बघतात. त्या दिवशी या आणि मग सांगा पॅरिस आवडलं की नाही.

नाना_सहकारनगर
तरुण मंडळी पॅरिसवर भांडत असताना मी व्हिएन्नाच्या बाजूने मत नोंदवतो. सौ. आणि मी दोघेही सत्तरी ओलांडलेले. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनला लिफ्ट. पाणी थेट आल्प्समधल्या झऱ्यांचं, पहिली जलवाहिनी १८७३ ची, अजून चालू. नळ सोडा आणि प्या. कॉफीहाउसात शिरलं की काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं, छोट्या तबकात कॉफी, शेजारी पाण्याचा ग्लास. एका कॉफीवर दीड तास बसलो, बिल मागेपर्यंत कोणी आणलं नाही. वेटर हसत नाही, पण उठवतही नाही. आपल्याकडची जुनी इराण्याची हॉटेलं गेली त्याची हळहळ तिथे भरून निघाली.

शहर नीट का चाललंय याचं कारण घरांत आहे असं मला तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी समजावलं. व्हिएन्नातले जवळपास निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत भाड्याने राहतात. ही पद्धत १९२० च्या दशकापासूनची. मध्यमवर्ग गावाबाहेर फेकला गेलेला नाही, म्हणून गावात पर्यटक कितीही आले तरी बाकावर शेजारी स्थानिक माणूसच बसलेला असतो.

उनाडटप्पू
नानांबद्दल आदर आहे, पण व्हिएन्ना म्हणजे इस्त्री केलेला रुमाल. राहण्याजोग्या शहरांच्या यादीत २०२२ ते २०२४ सलग पहिलं, २०२५ मध्ये कोपनहेगनने मागे टाकलं. अहो पण ती यादी राहण्याची! रविवारी दुकानं बंद, रात्री मोठ्याने हसलो तर वरून खिडकी उघडते. चार दिवस बघायला जाणाऱ्याला कचरा वेळेवर उचलला जातो याचं काय कौतुक?

माझं शहर नेपल्स. स्टेशनाबाहेरचा गारिबाल्डी चौक बघून बायको म्हणाली, परतीची गाडी बघ. खरंच भयाण आहे तो. पण तिथून स्पाक्कानापोलीच्या गल्लीत शिरलो आणि सुटलो. चौथ्या मजल्यावरची आजी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते, खालचा दुकानदार त्यात पाव आणि सुटे पैसे ठेवतो, टोपली वर. वरून आरडाओरडा, बहुतेक पैसे कमी आले असावेत. स्पॅनिश क्वार्टर्समध्ये मॅराडोनाचं भिंतभर चित्र, पुढे फुलं-मेणबत्त्या, म्हणजे रीतसर देऊळच. पिझ्झा मार्गेरिता पाच-सहा युरोत, आणि शाकाहारी माणसाला कुठल्याही युरोपीय शहरात इतक्या कमी पैशात इतकं भारी जेवण मिळणार नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायची, आधी पाण्याचा छोटा ग्लास देतात तो प्यायचा. टेबलावर बसलात की इटलीत त्याच कॉफीचे पैसे वाढतात, पाटीवर लिहिलेलं असतं.

आणि पॉम्पेईला जाणाऱ्यांनो, तिथल्या भिंतींवरची चांगली चित्रं आणि मोझेक काढून नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आणून ठेवली आहेत. ते न बघता पॉम्पेई बघणं म्हणजे रिकामी घरं बघून येणं.

चकलीचा_सोरा
तुम्ही दोघंच होतात म्हणून नेपल्स आवडलं. बाबागाडी घेऊन जा त्या गल्लीत, मागून स्कूटर, पुढून स्कूटर, फुटपाथ नावापुरता, खाली काळे फरशीचे दगड. माझी मुलगी तिथे सतत कडेवर. आम्हाला रोम आवडलं. उन्हाळ्यात रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे लोखंडी खांब आहेत, अडीच हजारांच्या आसपास असतील. त्यांच्या वाकड्या नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकून पाणी पिता येतं. मुलीसाठी कलोझियमपेक्षा मोठं आकर्षण ते. प्रत्येक खांबापाशी थांबायचं, स्वतः भिजायचं, आम्हाला भिजवायचं.

मांडवीकाठ
लिस्बनबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, मग मी लिहिते, पणजीची असल्यामुळे जरा पक्षपात होईल.

गोव्याच्या माणसाला लिस्बन पाहुण्यासारखं वाटतच नाही. तिथल्या आल्फामा भागाच्या चढणीवर निळ्या टाइलांच्या भिंती आणि लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या बघून पणजीतलं फोंतेन्यस आठवतं. कुठल्याही साध्या कॅफेत काचेच्या कपाटात 'शामुसा' ठेवलेला असतो, म्हणजे आपला समोसाच, पण बहुतेक वेळा आत मांस, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारून घ्या. शाकुती मिळणारी गोंयकारांची हॉटेलं आहेत. आंतोनियो कोस्ता, आमचे बाबूश, तिथे पंतप्रधान होते, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या वडिलांकडचं घर मडगावचं. टॅक्सीवाल्याला गोवा म्हटलं की तो कोणीतरी ओळखीचा काढतोच.

पण हेच शहर मला बोचतंही. बेलें भागात नदीकाठी 'शोधयात्रांचं स्मारक' आहे, जहाजाच्या आकाराचं, ५२ मीटर उंच. पुढे जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा, पोर्तुगीज जहाजं कुठे कधी पोचली त्या सालांसकट. लोक भारतावर उभं राहून फोटो काढतात. स्मारक दगडात बांधून पुरं झालं १९६० साली, म्हणजे गोवा सुटायच्या जेमतेम वर्ष-दीड वर्ष आधी. माझे आजोबा त्या काळात सत्याग्रहींना घरात लपवत असत. मी तिथे फोटो काढला नाही, शेजारच्या बेकरीत १८३७ पासून मिळणारे कस्टर्डचे पेस्तेल मात्र खाल्ले, गरम, वर दालचिनी.

व्यवहाराचं: रस्त्यांवर छोट्या पांढऱ्या दगडांची नक्षी असते, पाऊस पडला की ती साबणासारखी होते, रबरी तळाचे बूट हवेतच. २८ नंबरची पिवळी ट्राम फोटोत छान, आत पाकीटमार आणि घाम. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी रागावत नाही.

थंडगार_बर्लिन
बर्लिन दिसायला कुरूप आहे हे कबूल करूनच सुरुवात करतो. मध्य असा नाहीच. पहिल्यांदा आलेला पाहुणा ब्रांडेनबुर्ग दरवाजा बघून झाला की विचारतो, आता जुनं गाव कुठे? युद्धात गेलं, उरलेल्यावर भिंत बांधली. सुंदर बघायचं असेल त्याने प्रागला जावं.

मला हे शहर आवडतं कारण ते आपली पापं झाकत नाही. फुटपाथवर चालताना पायाखाली दहा बाय दहा सेंटीमीटरचा पितळी चौकोन लागतो. वर कोरलेलं: इथे राहत होती, नाव, जन्मसाल, कधी पकडून नेलं, कुठल्या छावणीत मारलं. समोर ते घर, त्यात आज दुसरं कोणी राहतंय. कोलोनच्या गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९० च्या दशकात हे दगड बसवायला सुरुवात केली, युरोपभर आता लाखाच्या वर झालेत. हिवाळ्यात एक बाई गुडघ्यावर बसून असा दगड पॉलिशने चकचकीत करताना पाहिली. तिचे नातेवाईक होते का विचारलं तर म्हणाली, नाही, माझ्या दारासमोर आहे म्हणून.

मराठी माणसासाठी खास: डालेम भागात इनेश्ट्रास २२ ही इमारत बघा. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी इथल्या मानववंशशास्त्र संस्थेत डॉक्टरेट करायला आल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांचा वंशश्रेष्ठत्वावर विश्वास. कवट्यांची मोजमापं घेऊन गोऱ्यांचं वेगळेपण दिसतं का हे बघायचं काम बाईंकडे होतं. बाईंनी मोजलं आणि तसा काही संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. पुढे त्याच संस्थेचं नात्झींशी काय नातं होतं ते दाराजवळच्या फलकावर आहे. त्या इमारतीसमोर पाच मिनिटं उभं राहायला कुठल्याही टूरमध्ये नेत नाहीत.

खवचट_पेठी
ब्रुसेल्सबद्दल एका ओळीत: जगभरातून लोक ज्याला बघायला येतात तो मुतणारा पोरगा हातभर उंचीचा आहे, आणि त्याच्यासमोर चॉकलेट लावलेले वॉफल खात लोक विचारतात, 'एवढाच?' मुख्य चौक मात्र अप्रतिम. १६९५ मध्ये फ्रेंचांनी तोफा डागून उद्ध्वस्त केला होता, गावाने काही वर्षांत पुन्हा उभा केला. पोरगा सोडा, चौक बघा.

प्राग: सुंदर, पण जुन्या चौकातल्या पैसे बदलणाऱ्यांपासून जपा. युरो तिथे चलन नाही, क्राउन आहे. फसलात तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा, १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करण्याचा हक्क २०१९ पासून कायद्याने दिलाय. ॲमस्टरडॅम: सायकलच्या लाल पट्ट्यावर उभं राहून नकाशा बघणाऱ्यांची मला कीव येते. हॉटेलवर साडेबारा टक्के पर्यटक कर. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या ब्रिटिश पोरांसाठी २०२३ मध्ये नगरपालिकेने 'येऊ नका' अशी जाहिरातच काढली होती. खाण्यासाठी सुरिनामी रोटीवाले शोधा, बटाट्याची भाजी आणि डाळ भरलेली रोटी, जीव निवतो.

शेवंती
धागा छान चाललाय, पण सगळं दमण्यावर आणि वेळेवर ढकलू नका. एका शहरात (नाव मुद्दाम लिहीत नाही) रिकाम्या हॉटेलात आम्हाला खिडकीजवळची टेबलं सोडून स्वच्छतागृहाच्या दाराशी बसवलं. आमच्या मागून आलेल्या गोऱ्या जोडप्याला खिडकी. बोंजूर, बुओनजोर्नो सगळं म्हणून झालं होतं. असं झाल्यावर ते शहर आवडायचं कसं? आणि परत आल्यावर सांगितलं तर आपलेच लोक म्हणतात, तुमचा गैरसमज झाला असेल.

थंडगार_बर्लिन
गैरसमज नाही. इथे घर शोधताना आडनाव बदलून तोच ईमेल पाठवून बघितलेले मित्र आहेत माझे. उठून निघून जायचं, हाच उपाय. पैसे त्यांना का द्या?

सेनकाठची
शेवंती, सहमत. शिष्टाचार पाळल्याने उद्धट माणूस नरमतो, पण मनात अढी ठेवलेला नरमत नाही. दोन्ही सारखेच दिसतात, ही खरी पंचाईत. मी टेबल बदलून मागते, शांतपणे. नाही म्हणाले तर कळतं.

भटकभवानी
शेवंती, हा मुद्दा माझ्या गणितात बसत नाही आणि बसवूही नये. बार्सिलोनाचंही कोणी लिहा ना. २०२४ च्या जुलैत तिथे रहिवाशांनी टेबलावर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या.

पाडोवाकर
बार्सिलोनाच्या महापौरांनी पर्यटकांना भाड्याने देण्याचे सुमारे दहा हजार फ्लॅटचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचं जाहीर केलंय. पिचकारीमागे या फ्लॅटांमुळे वाढलेलं घरभाडं आहे. माझी तिथली सहकारी आता शहराबाहेरून तासभर प्रवास करून येते. तिच्या जुन्या इमारतीत जिन्यात आता फक्त चाकांच्या बॅगांचा खडखडाट असतो म्हणे. सहलीला जाताना इमारतीतला फ्लॅट नको, साधं हॉटेल घ्या, एवढं करता येईल.

नीलमोहर
सगळे प्रतिसाद वाचले, आता माझा प्रश्न. मेमध्ये आईला घेऊन जायचंय. वय ६८, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिला 'आयफेल टॉवर बघायचाच आहे', शाळेच्या पुस्तकात पाहिला होता म्हणते. ग्रुप नको. व्हिएन्ना जास्त सोयीचं हे दिसतंय, पण मग आयफेलचं काय?

नाना_सहकारनगर
आईला आयफेल बघायचा आहे तर आयफेलच दाखवा. व्हिएन्ना कुठे पळून जात नाही.

सेनकाठची
नीलमोहर, पॅरिसच करा, पण मेट्रो विसरा, बसने फिरा. बसला जिने नाहीत, दाराशी उतार निघतो, आणि शहर दिसतं. ६९ नंबरची बस आयफेलजवळच्या शाँ द मार्सपासून निघते, लूव्रजवळून नदीकाठाने, मारे भाग, बास्तीय करत पेर लाशेजपर्यंत जाते. खिडकीजवळ बसवा, वाटेल तिथे उतरा. राहायला शहराच्या आतच, खोली लहान मिळाली तरी. हॉटेलला लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, फोटोवर जाऊ नका. जेवणासाठी ला शापेलमध्ये डोसा-इडली, मारेमध्ये फलाफल. क्रोसाँवर बहुतेक ठिकाणी अंड्याचा हात फिरवलेला असतो, तेव्हा साधा 'बागेत' म्हणजे लांबट फ्रेंच पाव घ्या, त्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. १ आणि ८ मे सुट्टीचे, ते टाळा.

बस_नंबर_दोन
टॉवरवर चढवू नका, रांगेत गुडघे जातील. नदीपलीकडच्या ट्रोकादेरो चौकातून दिसतो तसा वरून दिसत नाही. मेअखेर असेल तर पूर्ण अंधाराला साडेदहा होतील, दुपारी झोप काढायला लावा.

नीलमोहर
धन्यवाद सगळ्यांना. ६९ नंबरचं तिकीट बसमध्ये मिळतं की आधी काढावं लागतं?

सेनकाठची
आधीच तिथल्या प्रवासाच्या कार्डावर भरून ठेव. २०२५ पासून मेट्रोचं आणि बसचं तिकीट वेगळं झालंय, बसचंच माग, नाहीतर मशीन मेट्रोचं महागडं देतं. आणि दोघींना दोन कार्डं लागतील, एका कार्डावर दोन माणसं चालत नाहीत.